छोट्या रेडिओ चॅनलसाठी म्युझिक शेड्युलिंग सॉफ्टवेअर कसं निवडायचं?

मोबाइलवर गाणी ऐकताना आपण प्लेलिस्ट उघडतो, शफल दाबतो आणि विषय संपतो. मग रेडिओ चॅनलला वेगळं शेड्युलिंग सॉफ्टवेअर कशाला हवं? कॉलेज रेडिओ किंवा इंटरनेट रेडिओ सुरू करणारी मुलं मला पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि प्रश्न अगदी रास्त आहे.

शफल म्हणजे चिठ्ठ्या टाकून गाणं काढणं. चिठ्ठ्यांना मागचं काही आठवत नाही, त्यामुळे एकाच गायिकेची तीन गाणी लागोपाठ निघू शकतात. स्पॉटिफायने २०१४ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की त्यांचं शफल आधी खरोखर रँडम होतं, पण ऐकणाऱ्यांना तेच पक्षपाती वाटायचं; म्हणून त्यांनी एका कलाकाराची गाणी यादीत मुद्दाम लांब लांब पसरवायला सुरुवात केली. तरी फोनवर आपल्याकडे 'पुढचं गाणं' हे बटण असतं. रेडिओ ऐकणाऱ्याकडे ते नसतं. त्याच्याकडे एकच बटण, बंद करायचं. छोट्या चॅनलकडे मुळात शे-दोनशे नेहमीचे श्रोते असतात, त्यातले वीस गेले तरी जाणवतं.

आतापर्यंत मी अशा तीन ठिकाणी यंत्रणा बसवायला मदत केली आहे. एक कॉलेजचा रेडिओ, एक गावातलं सामुदायिक रेडिओ केंद्र आणि एक फक्त इंटरनेटवर चालणारं चॅनल. तिन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर वेगळं निघालं, पण निवडताना बघायच्या गोष्टी त्याच होत्या. त्या इथे सांगतो.

आधी एक गोंधळ मिटवू

शेड्युलर आणि प्लेआउट ही दोन वेगळी कामं आहेत. शेड्युलर ठरवतो की उद्या सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी कोणतं गाणं लागेल. तो दिवसाची यादी बनवतो, तिला रेडिओच्या भाषेत लॉग म्हणतात. प्लेआउट सॉफ्टवेअर तो लॉग घेऊन प्रत्यक्ष गाणी वाजवतं, मध्ये जाहिरात आणि जिंगल घालतं आणि आवाज ट्रान्समीटरकडे किंवा इंटरनेटच्या सर्व्हरकडे पाठवतं. एक स्वयंपाकाचा बेत ठरवणारा, दुसरा वाढणारा.

मोठ्या एफएम कंपन्यांत ही दोन सॉफ्टवेअर बहुधा वेगळी असतात. छोट्या चॅनलला जी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, त्यात दोन्ही कामं एकत्र असतात, पण बहुतेकांचं वाढणं चांगलं आणि बेत ठरवणं जेमतेम. जाहिरातीत 'ऑटोमेशन' लिहिलेलं दिसलं की लगेच खूश होऊ नका. ऑटोमेशन म्हणजे आपोआप वाजणं. काय वाजावं याचे नियम किती बारकाईने लावता येतात, हे वेगळं तपासावं लागतं.

संगणक येण्याआधी हे काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालायचं. प्रत्येक गाण्याचं एक कार्ड, एका प्रकारच्या गाण्यांची एक पेटी. निवेदक पुढचं कार्ड काढायचा, गाणं लावायचा आणि कार्ड पेटीत सर्वांत मागे ठेवायचा. १९७९ मध्ये सुरू झालेल्या आरसीएस या अमेरिकन कंपनीने 'सिलेक्टर' आणलं आणि ही पेटी संगणकात गेली. आजच्या शेड्युलरच्या पोटातही तीच पेटी आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पेटीत गाणी किती?

हा भाग नीट वाचा, कारण इथे चुकलं तर महागडं सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही.

समजा तुमचं चॅनल रोज ८ तास चालतं आणि 'नवी मराठी गाणी' या पेटीतून तासाला ४ गाणी लागतात. म्हणजे दिवसाला ३२ जागा. पेटीत बरोबर ३२ गाणी ठेवली तर काय होईल? प्रत्येक गाणं रोज एकदा लागेल, आणि रोज त्याच वेळेला लागेल. १६ ठेवली तरी तेच, फक्त दिवसातून दोनदा. सकाळी सव्वासातला बसमध्ये तुमचं चॅनल लावणाऱ्या मुलीला सोमवार ते शनिवार एकच गाणं ऐकू येईल. तिला वाटेल यांच्याकडे दहाच गाणी आहेत. तुम्ही मात्र स्टुडिओत बसून म्हणाल, अरे, आमच्याकडे तर केवढा साठा आहे!

त्याच पेटीत ३७ गाणी ठेवून बघा. आज पहिल्या जागेवर लागलेलं गाणं उद्या सहाव्या जागेवर येतं, म्हणजे जवळपास सव्वा तास पुढे सरकतं. परवा आणखी पुढे. म्हणून दिवसाच्या जागांना ज्या संख्येने पूर्ण भाग जातो, ती संख्या पेटीत नको. शेजारची संख्याही नको, कारण ३३ ठेवली तर गाणं रोज फक्त पंधरा मिनिटं सरकेल आणि आठवडाभर त्याच सुमारास घुटमळत राहील. कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होणारा हिशेब आहे हा.

चांगला शेड्युलर हे स्वतःहून सांभाळतो. 'हे गाणं काल याच तासात लागलं होतं का' हे तो तपासतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा नियम आहे का, हा विचारायचा पहिला प्रश्न. नसेल तर वरचा हिशेब तुम्हालाच करावा लागेल. जमतो तो.

आपल्या गाण्यांची अडचण

ही सॉफ्टवेअर बहुतेक अमेरिका-युरोपात बनलेली आहेत. तिथे गाणं म्हणजे एक कलाकार आणि एक नाव. आपल्याकडे गाणं म्हणजे गायक, संगीतकार, गीतकार, आणि चित्रपटातलं असेल तर चित्रपट. 'कलाकार' हा एकच रकाना दिला तर त्यात कोणाचं नाव भरायचं?

त्यात आपल्याकडे मोजक्या आवाजांनी प्रचंड गायलं आहे. समजा ४०० जुनी भावगीतं आणि चित्रपटगीतं जमवली, आणि त्यात १०० आशा भोसले यांची आहेत. फक्त गाण्यांच्या तासात साधारण १२ गाणी बसतात. सॉफ्टवेअरमध्ये 'एका कलाकाराची दोन गाणी ६० मिनिटांच्या आत नकोत' असा तयार नियम असतो. तो तसाच ठेवला तर आशाताईंचं तासाला एकच गाणं लागेल, त्यांच्या १०० गाण्यांचा एक फेरा पुरा व्हायला १०० तास लागतील, आणि बाकीची ३०० गाणी साधारण २७ तासांत फिरून परत येतील. म्हणजे ज्यांची गाणी तुमच्याकडे सर्वांत जास्त, तीच कमी ऐकू येणार. उलट नियम काढून टाकला तर आशाताई, आशाताई, आशाताई.

यावर खरा उपाय म्हणजे कलाकारागणिक वेगळं अंतर. आशाताईंना २० मिनिटं, इतरांना ६०. म्युझिकमास्टर किंवा जीसिलेक्टरसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. फुकट सॉफ्टवेअरमध्ये बहुधा सगळ्यांना मिळून एकच आकडा देता येतो. तिथे मी एक युक्ती वापरतो, आशाताईंची एक स्वतंत्र पेटी करायची आणि तासाच्या आराखड्यात तिला दोन-तीन ठरलेल्या जागा द्यायच्या. अंतर आपोआप सांभाळलं जातं आणि नियमाची गरजच उरत नाही. लताबाई, किशोरकुमार यांनाही हीच पेटी लागू.

युगुलगीतं हा आणखी एक घोळ. रकान्यात दोघांची नावं स्वल्पविराम देऊन लिहिली की साधं सॉफ्टवेअर त्याला तिसराच कलाकार समजतं आणि पुढे लगेच त्या दोघांतल्या एकाचं गाणं लावून मोकळं होतं. एका गाण्याला दोन-तीन कलाकार वेगवेगळे जोडता येतात का, ते बघा.

आता स्पेलिंग. संगणकाला 'आशा भोसले', 'आशा भोंसले' आणि रोमन लिपीत लिहिलेलं तेच नाव या तीन वेगळ्या बायका वाटतात. 'ग. दि. माडगूळकर', 'ग.दि.माडगूळकर' आणि 'गदिमा' हे तीन वेगळे कवी. आणि खरी गंमत 'ऱ्ह' असलेल्या आडनावांत आहे. 'कऱ्हाडे' हे नाव दोन पद्धतींनी टाइप होतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावलेलं असतं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, पण सॉफ्टवेअरच्या लेखी वेगळी. नियम का चालत नाही म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसाल आणि डोळ्यांना काहीच दिसणार नाही. म्हणून नावांची एक पक्की यादी आधीच करून ठेवा आणि प्रत्येकाने टाइप न करता त्या यादीतूनच कॉपी करायचं. एमपी३टॅग किंवा पिकार्ड या फुकट प्रोग्रॅमनी शेकडो फाइल्सची नावं एकदम दुरुस्त करता येतात. हे काम कंटाळवाणं आहे, आठवडाभर खाईल. पण ते सॉफ्टवेअर घेण्याआधी करा. एकदा लॉग बनायला लागले की कोणी परत मागे जाऊन करत नाही.

वेळ, सण आणि अचानक आलेला दिवस

भूपाळी संध्याकाळी लागली तर माणसं हसतात. प्रत्येक गाण्याला किंवा निदान प्रत्येक पेटीला 'या वेळेतच' अशी मर्यादा घालता आली पाहिजे. तसंच तारखेचंही. गणपतीची गाणी चतुर्थीला आपोआप सुरू व्हावीत आणि अनंत चतुर्दशीनंतर थांबावीत. इथे एक बारीक गोष्ट आहे. आपले सण इंग्रजी तारखेला दरवर्षी सरकतात, म्हणजे 'दरवर्षी याच तारखेला' ही सोय आपल्या उपयोगाची नाही. दरवर्षी जानेवारीत पंचांग घेऊन बसायचं आणि तारखा भरायच्या.

आणि नियम मोडायची सोय हवीच. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. अशा दिवशी सगळी उडती गाणी काढायची असतात आणि एकाच गायिकेची गाणी दिवसभर लावायची असतात. वर जो अंतराचा नियम इतक्या मेहनतीने लावला तोच आडवा येतो. आधीच तयार ठेवलेला 'शांत' लॉग एका क्लिकमध्ये चालू करता येतो का? रविवारी सकाळी हॉस्टेलमधून उठून आलेल्या एकट्या मुलाला ते जमलं पाहिजे. गाण्याला 'मूड'चा रकाना देणारं सॉफ्टवेअर मला आवडतं ते यासाठी.

कायद्याची बाजू थोडक्यात

२०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ३१डी आलं. त्यानुसार रेडिओ प्रसारक आधी सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून प्रसिद्ध झालेली गाणी वाजवू शकतो. पण त्याच कलमात हेही आहे की रचनाकारांची आणि मुख्य कलाकारांची नावं प्रसारणात सांगायची, आणि काय वाजवलं याच्या नोंदी ठेवायच्या. गीतकार आणि संगीतकार हे रकाने नुसते हौसेचे नाहीत ते यामुळे. फक्त इंटरनेटवर चॅनल काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विंक आणि टिप्स यांच्या खटल्यात हे कलम इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असं ठरवलं. म्हणजे तुम्हाला परवाने थेट हक्कदारांकडूनच घ्यावे लागतात. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे आणि शब्द-चालीचे वेगळे. पीपीएल पहिल्यासाठी, आयपीआरएस दुसऱ्यासाठी, आणि सगळ्याच म्युझिक कंपन्या या संस्थांमार्फत परवाने देत नाहीत.

पुण्याची विद्यावाणी किंवा म्हसवडचं माणदेशी तरंग ही सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत. अशा केंद्रांसाठीच्या धोरणात प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायची अट आहे आणि निदान निम्मा मजकूर स्थानिक पातळीवर तयार झालेला हवा. तेव्हा महिन्याच्या शेवटी 'काय वाजलं' याचा अहवाल सॉफ्टवेअरमधून सरळ निघाला पाहिजे. 'काय ठरवलं होतं' याचा नव्हे. वीज गेली तेव्हा ठरलेलं वाजलेलं नसतं.

मग घ्यायचं कोणतं?

पैसे असतील तर म्युझिकमास्टर, जीसिलेक्टर, पॉवरगोल्ड ही व्यावसायिक नावं. उत्तम आहेत, पण किंमत बहुतेकदा चौकशी केल्यावरच कळते, आणि पाचशे गाण्यांच्या चॅनलला ती घेणं म्हणजे स्कूटीवरून भाजी आणायची तिथे ट्रक घेणं. एकदाच पैसे भरून घ्यायचं असेल तर विंडोजवरचं स्टेशनप्लेलिस्ट बघा. त्यात क्रिएटर हा शेड्युलर आणि स्टुडिओ हा प्लेआउट असे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, त्यामुळे बेत ठरवण्याचं काम त्यात गांभीर्याने केलेलं आहे.

फुकटात विंडोजवर रेडिओडीजे. छोट्या चॅनलमध्ये ते खूप वापरलं जातं. पेट्या, उप-पेट्या आणि गाणं किंवा कलाकार परत न येण्याचं अंतर एवढं त्यात होतं. बसवताना डेटाबेस वेगळा टाकावा लागतो, तिथे पहिल्यांदा बसवणारी मुलं अडकतात, पण एकदा चाललं की चाललं.

लिनक्स येणारं कोणी असेल तर रिव्हेंडेल. मुक्त स्रोत, खऱ्या रेडिओ केंद्रांसाठी बनवलेलं, आणि बाहेरच्या शेड्युलरचा लॉग आत घेऊ शकतं. शिकायला मात्र जड आहे. कॉलेजमध्ये मी ते सुचवत नाही. जो मुलगा ते शिकतो तो तिसऱ्या वर्षाला पास होऊन निघून जातो आणि मागे राहिलेल्यांना पासवर्डसुद्धा माहीत नसतो.

फक्त इंटरनेट रेडिओ असेल तर माझं मत अझुराकास्टला. ते सर्व्हरवर चालतं, सगळं ब्राउझरमधून होतं. प्लेलिस्टला वजन देता येतं, 'दर इतक्या गाण्यांनंतर एक जिंगल' असं सांगता येतं, आणि स्वतःचे रकाने तयार करता येतात, म्हणजे गीतकार आणि संगीतकार यांना हक्काची जागा मिळते. कार्यक्रम जास्त आणि गाणी कमी असतील तर लिब्रेटाइम बघा. त्यात कॅलेंडरवर कार्यक्रम मांडायचे आणि मधल्या जागा संगीतकार, भाषा, मूड अशा निकषांवर आपोआप भरून घ्यायच्या.

घेण्याआधी हे करून बघा

शंभर गाणी टाका आणि सात दिवसांचे लॉग बनवा. मग ते दिवसाप्रमाणे उभे वाचू नका, आडवे वाचा. फक्त सकाळी ७ ते ८ हा तास, सोमवार ते रविवार. श्रोता असाच ऐकतो. एकच गाणं तीनदा दिसलं तर एकतर पेटीचा आकडा चुकलाय किंवा सॉफ्टवेअर कमी पडतंय.

मग अहवाल बाहेर काढा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली आणि देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं आली तर घाबरू नका, बऱ्याचदा फाइल बरी असते. लिब्रेऑफिसमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा. तरीही कचराच दिसला तर ते सॉफ्टवेअर सोडा. तुमची यादी ज्यातून जशीच्या तशी परत मिळत नाही, तिथे ती भरू नये.

शेवटी वीज. गाणं चालू असताना संगणकाची पिन काढा, दोन मिनिटांनी परत लावा, आणि हात लावू नका. संगणक आपोआप चालू झाला का, सॉफ्टवेअर उघडलं का, आणि घड्याळाप्रमाणे योग्य जागेवरून गाणं सुरू झालं का? संगणक आपोआप चालू होण्याची सेटिंग बायोसमध्ये असते, ती आधी करून घ्या. यूपीएस असला तरी ही चाचणी सोडू नका. गावाकडे वीज यूपीएसपेक्षा जास्त वेळ जाते, आणि विंडोजचं अपडेट तर वीज असतानाही संगणक बंद करतं.

फोनवरून होईल का?

हा प्रश्न येणारच, म्हणून सांगतो. अझुराकास्ट आणि लिब्रेटाइम फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतात. काय वाजतंय बघणं, एखादं गाणं काढून टाकणं, प्लेलिस्ट बंद-चालू करणं एवढं आरामात होतं. रेडिओडीजे किंवा स्टेशनप्लेलिस्ट असेल तर फोनवर एनीडेस्कसारखं ॲप टाकून स्टुडिओतला संगणक दुरून वापरता येतो, पण लहान स्क्रीनवर माउस हाकणं हे वैतागाचं काम आहे. गाण्यांचे रकाने भरणं आणि आठवड्याचे लॉग तपासणं लॅपटॉपवरच करा. आणि लॉगिन प्रत्येकाचं वेगळं ठेवा. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला तर रात्री अकरा वाजता 'शांत' लॉग कोणी लावला, हे कोणालाच सांगता येत नाही.